टाचणीमास्तरांनी कधीच न सांगितलेले आकडे

आमच्या नाटक कंपनीत बावीस वर्षं एकच शिंपी होता आणि आम्ही सगळे त्यांना टाचणीमास्तर म्हणायचो. त्यांच्या ओठांत कायम पाच-सहा टाचण्या धरलेल्या असायच्या. टाचण्या तशाच ठेवून ते बोलायचे, हसायचे, शीळ घालायचे. एकदा तर म्हणे शिंकलेसुद्धा होते. आमच्याकडे नायक संवाद विसरायचा, पडदा मधेच अडकायचा, एकदा आख्खी भिंत नायिकेच्या अंगावर आली होती. पण मास्तरांच्या ओठांतून टाचणी सांडलेली कुणी पाहिली नाही.

रंगमंचामागच्या जिन्याखाली त्यांची खोली होती. एक पायमशीन, कापायचं लांब टेबल, इस्त्री, भिंतभर खुंट्या आणि त्यांवर आमच्या सगळ्यांची कातडी, म्हणजे नाटकातले कपडे. छत म्हणजे जिन्याची उलटी बाजू, त्यामुळे येणाऱ्याला वाकूनच आत यावं लागे. "माझ्या दारात राजेसुद्धा वाकतात," मास्तर म्हणायचे, आणि ते खरंच होतं, कारण आमच्यात कायम राजाची कामं करणारा जो नट होता, ज्याला आम्ही राजेसाहेब म्हणायचो, तो चांगला सहा फूट उंच होता आणि बावीस वर्षांत त्याने त्या दारात निदान शंभर वेळा तरी कपाळ आपटून घेतलं असेल. वर प्रयोग चालू असला की पायऱ्यांवरच्या पावलांवरून मास्तर खाली बसल्या बसल्या सांगायचे, "दुसरा अंक संपत आला. आता आत्याबाईंचा हुक तुटणार." आणि तुटायचा. आत्याबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यांत जुनी नटी. आयुष्यभर आत्या, मावशी आणि खाष्ट सासू एवढंच केलं तिने, आणि काय केलं!

मास्तरांची माप घ्यायची एक रीत होती. कंपनीत नवीन माणूस आला की त्याला खोलीत बोलवायचे, दार लावायचे, अंगाभोवती टेप फिरवायचे, क्षणभर डोळे मिटायचे, झालं. वही नाही, कागद नाही. आणि आकडा कधी मोठ्याने उच्चारायचा नाही. मी चोविसाव्या वर्षी कंपनीत आले तेव्हा हौसेने विचारलं होतं, "किती भरली हो माझी कंबर?"

"ताई, आकडा माझ्यापाशी राहू द्या. तुम्ही कपडा घाला आणि अंगाला बसला की नाही तेवढं सांगा."

मी मनात म्हटलं, नका सांगू. माझ्या आधीच्या शिंप्याने सव्वीस सांगितली होती, तीच मी जपून ठेवली.

त्यानंतर पुन्हा माप म्हणून नाही. जुन्या माणसाला मास्तरांनी परत कधी टेप लावली नाही. नवीन नाटक आलं की नवीन कपडे यायचे आणि ते असे बसायचे की जणू अंगावरच विणलेत. घरचे कपडेही आम्ही त्यांच्याकडूनच शिवून घ्यायचो. दुसऱ्या कुणाच्या हातचं अंगाला लागायचंच नाही.

असा हा माणूस चोपन्नाव्या वर्षी हळूहळू विझत गेला. आधी शीळ बंद झाली. मग थट्टा बंद झाली. मग एके दिवशी मी खोलीत गेले तर मास्तर कापडावर कात्री ठेवून बसले होते. मी तासाभराने परत गेले, कात्री तिथेच आणि मास्तरही तसेच. ओठांत एकही टाचणी नव्हती. त्यांना मी प्रथमच तसं पाहिलं आणि कपडे न घातलेल्या माणसाला पाहिल्यासारखी मी मागे सरले.

वर्षभर गोळ्या झाल्या. एक बदलली, दुसरी दिली, तिसरी वाढवली. मास्तर घरी पडून राहू लागले. जेवेनासे झाले. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, एक दिवस माझ्याकडे आल्या आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "काल म्हणाले, सकाळी उठलोच नाही तर किती बरं होईल. ताई, मी रात्रभर त्यांच्या नाकाजवळ हात धरून बसले होते." त्यांच्यासोबत मीच गेले डॉक्टरकडे. डॉक्टरबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. म्हणाल्या, आता थांबायला नको, विजेचा उपचार करू या. लोक ज्याला शॉक म्हणतात, तो.

घरी येऊन वहिनींनी हे सांगितलं तेव्हा मास्तरांनी दिवसभरातलं पहिलं पूर्ण वाक्य उच्चारलं. म्हणाले, "ताईंचं काय झालं होतं ते बघितलंय मी."

आता ही माझी करणी ऐका. आमचं एक नाटक होतं, त्यात मला वेड लागायचं आणि शेवटच्या अंकात शॉक द्यायचे. लाल दिवा, ढोल, चार दांडगे लोक मला पलंगावर दाबून धरलेले, आणि मी! मी अशी काही उसळायचे, अशी किंचाळायचे की पहिल्या रांगेतल्या बायका डोळ्यांवर हात ठेवायच्या. टाळ्या थांबायच्या नाहीत. दीडशे प्रयोग झाले. मास्तरांनी त्यांतले बहुतेक विंगेत उभं राहून पाहिले होते.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉस्पिटलात गेले आणि डॉक्टरबाईंना म्हटलं, "मला ती खोली दाखवा. मी दीडशे वेळा तिथे जाऊन आलेय आणि एकदाही गेलेली नाही." त्यांना गंमत वाटली, पण दाखवली. दोन खाटा, एक पडदा, ऑक्सिजनची नळी आणि टेबलावर लहान बॅगेएवढं एक यंत्र. मी म्हटलं, "एवढंच?" त्यांनी सगळं नीट सांगितलं. तिथून मी थेट मास्तरांच्या घरी गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी खुर्ची ओढून भिंत आणि त्यांच्यामध्ये जाऊन बसले.

"मास्तर, ते नाटकातलं मी मनानेच केलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, अजून जोरात, तर मी अजून जोरात केलं. खरं काय असतं ते आज बघून आले."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"सकाळी उपाशीपोटी जायचं. हातात सुई लावतात, झोप लागते. अंग सैल पडायचं औषध देतात, दातांमध्ये रबर ठेवतात. काही सेकंद वीज. तुम्हाला कळणारसुद्धा नाही. पाच-दहा मिनिटांनी जाग येते."

"आणि ते हातपाय आपटणं?"

"पायाचा अंगठा जरा हलतो म्हणे."

ते कोपरावर उठले. "म्हणजे दीडशे प्रयोग तुम्ही खोटं केलंत?"

"दीडशे."

"आणि टाळ्या घेतल्यात?"

"घेतल्या हो."

"बरं," मास्तर म्हणाले. "मग जाऊ."

आम्ही मास्तरांना घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरबाईंनी एक गोष्ट मात्र लपवली नाही. म्हणाल्या, आठवणीवर परिणाम होतो. उठल्यावर थोडा वेळ गोंधळ उडेल. आजूबाजूच्या आठवड्यांतलं, महिन्यांतलं पुसट होईल. बरंचसं परत येईल, काही कदाचित येणारच नाही. वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "गेल्या वर्षातलं काय ठेवण्यासारखं आहे?"

आठवड्यातून दोनदा, असे आठ वेळा ते गेले. एकदा वहिनी सोबत, एकदा मी. पाचव्यानंतर घरी आले, पलंगावर बसले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "हा चहा आहे की कपबशी विसळलेलं पाणी?" वहिनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडल्या. नवऱ्याने चहाला नावं ठेवली म्हणून आनंदाने रडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली.

सहाव्यानंतर त्यांची मुलगी आली. तिच्या कडेवर आठ महिन्यांचं बाळ. मास्तरांनी बाळाकडे पाहून मुलीला विचारलं, "ही कुणाची गं?"

मुलगी पांढरीफटक पडली. "बाबा, माझी. तुम्ही आला होतात की दवाखान्यात. तुम्ही घेतलं होतंत हिला."

"म्हणजे मी आजोबा झालोय?"

"आठ महिने झाले."

"आणि मला आज सांगताय!"

आम्हाला हसावं की रडावं कळेना. मुलीने पर्समधून फोटो काढून दाखवला: दवाखान्यातली खोली, दुपट्यातलं बाळ आणि त्याला हातात धरून उभे मास्तर. मास्तरांनी फोटो उजेडात धरून नीट पाहिला. मग म्हणाले, "माणूस मीच आहे. पण तोंड बघ त्याचं. दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिल्यासारखा उभा आहे. याला काही आनंद झालेला नाही. याचं विसरलो ते बरं झालं. आण इकडे तिला." आणि त्यांनी बाळ घेतलं. त्या बाळानेही आजोबा असे घेतले की त्यांचा चष्मा दोन तास तिच्याच ताब्यात होता. तिच्या जन्माच्या दिवसाची आठवण पुढे कधीच परत आली नाही. मुलीला ते लागलं, अजूनही लागतं. मास्तरांना मात्र आजोबा झाल्याचा दिवस विचारला की ते चष्म्याचा दिवस सांगायचे.

आठ झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, आता पुढचे सहा महिने महिन्यातून एकदा यायचं. सुधारलेलं टिकायला हवं. यात हयगय नको, नाहीतर पुन्हा घसराल.

मास्तर कामावर आले त्या दिवशी आम्ही सगळे जिन्याखालच्या खोलीबाहेर रांग लावून उभे होतो. ते आत गेले, खुर्चीवर बसले, टाचण्यांची डबी उघडली आणि पाच टाचण्या ओठांत धरल्या. राजेसाहेबांनी टाळी वाजवली आणि त्या आनंदात कपाळ आपटून घेतलं.

नवीन नाटक जवळ आलं होतं. राजदरबाराचं, म्हणजे कपडेच कपडे. तेव्हा कळलं की मास्तरांच्या डोक्यातल्या मापांचं काहीतरी बिनसलंय. पहिल्या दिवशी घेतलेली आमची मापं त्यांना लख्ख आठवत होती. गेल्या दोन-तीन वर्षांतलं मात्र सगळं धुक्यात. मी डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "थोडं आजाराने नेलं असेल, थोडं उपचाराने. वाटणी करून मलाही सांगता येणार नाही."

मास्तरांनी हे आम्हाला सांगितलं नव्हतं, वहिनींकडून कळलं. आणि तेव्हा आम्ही शहाण्यांनी शहाणपणा केला. मॅनेजर म्हणाले, "त्यांना उगाच ताण नको. आपापली मापं चिठ्ठीवर लिहून द्या." आम्ही आनंदाने लिहून दिली. मी लिहिलं: कंबर सव्वीस. राजेसाहेबांनी लिहिलं: बत्तीस. आत्याबाईंनी चिठ्ठी घडी घालून, चिकटवून दिली.

मास्तरांनी महिनाभर मान खाली घालून शिवलं. त्या काळात जिन्याखालून पुन्हा शीळ ऐकू यायची. प्रयोगाला दहा दिवस राहिले तेव्हा कपडे घालून बघायचा दिवस ठरला.

ती दुपार मी विसरणार नाही. रंगमंचावर सगळे दिवे लावलेले आणि आम्ही आपापला पोशाख घेऊन विंगेत घुसलो. माझा झगा मांडीपर्यंत आला आणि पुढे यायचं नाव घेईना. मी श्वास आत ओढला, पोट पाठीला लावलं, दोन मुलींनी मागून हुक ओढले. कसाबसा एक लागला. बाहेर आले तर राजेसाहेब लाल मखमली कोटात उभे, छाती पुढे, चेहराही कोटाच्याच रंगाचा. आत्याबाई बाहेरच येईनात. आतून आवाज आला, "माझे हात वर अडकलेत. खाली येत नाहीत. पण कपडा छान आहे हं मास्तर!"

मास्तर पहिल्या रांगेत उभे होते. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत होतो आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच: यांना कळू द्यायचं नाही.

"झकास बसलाय," राजेसाहेब म्हणाले. हे दोन शब्द बोलायला लागलेला श्वास त्या कोटाला झेपला नाही. पोटावरचं बटण सुटलं, दिव्याला लागलं, टण्णकन वाजलं आणि घरंगळत जाऊन मास्तरांच्या पायाशी थांबलं.

मास्तरांनी वाकून ते उचललं. आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं. मग ओठांतल्या टाचण्या काढल्या, डबीत ठेवल्या, डबी बंद केली. "गेलं," ते म्हणाले. "विजेने आजार नेला आणि त्याच्या मागोमाग हातही नेला." आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. मास्तर पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजले होते. परवा सकाळी महिन्याचा शॉक घ्यायला जायचं होतं, तर म्हणाले, नाही जाणार. "म्हणतात, शिंपी गेला तर मागे उरलेला माणूस बरा करून काय करायचाय? ताई, मला भीती वाटते हो. आत्ता कुठे शीळ घालायला लागले होते."

फोन ठेवला. मी खोलीत येरझारा घालायला लागले. झगा पलंगावर पडला होता, मांडीशी टाका उसवलेला. माझं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जात होतं. शिवण बघितली तर सरळ, रेघ मारल्यासारखी. काज बघितलं तर नेहमीसारखं. हे हात गेलेल्या माणसाचं काम नव्हतं. मग कपाटाच्या खणातून आईची जुनी टेप काढली आणि चोविसाव्या वर्षानंतर पहिल्यांदा स्वतःची कंबर मोजली.

चौतीस.

मी टेप उलटी करून पुन्हा मोजली. चौतीस. उभी राहून, बसून, श्वास रोखून. श्वास रोखून सव्वातेहेतीस.

मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरोखरच माहीत नव्हतं! बावीस वर्षं प्रत्येक कपडा मला बसत गेला, म्हणून मी समजत होते की मी आहे तशीच आहे. दर नाटकाला हा माणूस नुसत्या नजरेने बघून अर्धा इंच, पाऊण इंच गुपचूप वाढवत आला होता आणि माझा सव्वीसचा तोरा त्याने हातही न लावता तसाच राहू दिला होता.

मी राजेसाहेबांना फोन लावला. "कंबर मोजा."

"कुणाची?"

"तुमची. आत्ता. मी धरून आहे."

पलीकडे खुडबुड झाली, बायकोला हाक गेली. शेवटी राजेसाहेब म्हणाले, "ही टेप खराब आहे."

"किती सांगते?"

"त्रेचाळीस. पण खराब आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही अकरा जण मास्तरांच्या दोन खोल्यांच्या घरात शिरलो. बसायला जागा नव्हती, दोघं खिडकीत बसले. मास्तर उठून बसले पण कुणाकडे पाहीनात. मी आमच्या चिठ्ठ्या मॅनेजरकडून मागून आणल्या होत्या. मधोमध उभी राहून म्हणाले, "मास्तर, मी माझ्या चिठ्ठीत सव्वीस लिहिलं होतं. टेप चौतीस म्हणते."

मास्तरांनी मान वर केली.

"मी बत्तीस लिहिलं," राजेसाहेब म्हणाले. "आमच्या घरची टेप जरा..."

"राजेसाहेब!"

"त्रेचाळीस," राजेसाहेब जमिनीकडे बघत म्हणाले.

आत्याबाईंनी पदर सावरला. "माझी चिठ्ठी खरी होती. त्यातली बाई तेवढी आता राहिली नाही."

वहिनींना पहिलं हसू फुटलं. तोंडावर हात ठेवून त्या दाराआड गेल्या, पण खांदे हलताना दिसत होते. मास्तर मात्र हसले नाहीत. ते माझ्या कमरेकडे, राजेसाहेबांच्या पोटाकडे नेहमीच्या, जुन्या नजरेने पाहत होते. मग अगदी हळू म्हणाले, "मला दिसत होतं. शिवताना डोळा सांगत होता, ताई चौतीसच्या आसपास असणार. पण चिठ्ठीत सव्वीस. आणि डोक्यात आठवणीतलं माप, तेही सव्वीस. म्हटलं, दोघं एक सांगतायत, तर माझा डोळाच बिघडला असणार. विजेनंतर कशावर विश्वास ठेवायचा?"

"डोळ्यावर!" आत्याबाई कडाडल्या. संपूर्ण आयुष्यात त्यांनी म्हटलेलं सगळ्यांत जोरदार वाक्य, आणि ते नाटकातलं नव्हतं. "मेल्या, आमच्यासारख्या नटव्यांच्या कागदावर विश्वास ठेवलास?"

मास्तरांच्या ओठाचा कोपरा हलला. मग दुसरा. मग त्यांनी राजेसाहेबांकडे पाहिलं, "बत्तीस?" म्हणाले, आणि जे हसायला लागले ते पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खिडकीतला एक जण हसताना बाहेर पडता पडता राहिला. "बत्तीस! अहो, बत्तीस तुमचं लग्नाच्या आधी होतं! त्यानंतर मी दर वर्षी तुम्हाला अर्धा इंच भेट देतोय!"

"मग सांगायचं नाही का?" राजेसाहेब चिडून म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही राजा झाला असतात का हो? पोट आत ओढून कुणाला राज्य करता येतं?"

त्या संध्याकाळी मास्तरांनी बावीस वर्षांचा नेम मोडला. टेप गळ्यात घातली, आम्हाला एकेक करून पुढे बोलावलं आणि आकडे मोठ्याने सांगितले. वहिनींनी मुलीच्या शाळेची एक उरलेली वही काढली आणि लिहून घेतलं, कारण मास्तर म्हणाले, "डोळा शाबूत आहे. पण डोक्यावर आता वहीची जोड हवी. गेलंय ते गेलंय, त्याला नाही म्हणण्यात अर्थ नाही." प्रत्येक आकड्याला टाळ्या पडत होत्या. आत्याबाईंच्या आकड्याला तर उभं राहून. निघताना मास्तरांनी वहिनींना विचारलं, "उद्या हॉस्पिटलात किती वाजता जायचंय?"

सकाळी वहिनी आणि मी सोबत गेलो. राजेसाहेबही आले, का ते त्यांनी सांगितलं नाही. मास्तर पडद्याआड गेले आणि अर्ध्या तासाने त्यांची खाट बाहेर आली. डोळे उघडले. छताकडे पाहिलं, मग वहिनींकडे.

"कुठे आहोत?"

"हॉस्पिटलात. झालं तुमचं."

मग त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि चेहरा उतरला. "ते बटण," ते पुटपुटले. "सगळे कपडे चुकले ना गं माझे? एकही कुणाला बसला नाही."

मी वहिनींकडे पाहिलं. बटणाचा दिवस लक्षात राहिला होता आणि कालची संध्याकाळच गेली होती. आम्ही अकरा जण, चिठ्ठ्या, हसणं, टाळ्या, सगळं. वहिनी मात्र जराही डगमगल्या नाहीत. पिशवीतून वही काढली, चष्मा लावला आणि शाळेत धडा वाचतात तसं वाचलं: "राजेसाहेब. चिठ्ठीतली कंबर, बत्तीस. खरी कंबर, त्रेचाळीस."

मास्तरांनी मान वळवून खाटेशी उभ्या राजेसाहेबांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत. "बत्तीस लिहिलंत तुम्ही?"

राजेसाहेबांनी एक सुस्कारा सोडला, दोन्ही हात पसरले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा दरबारी आवाजात म्हणाले, "लिहिलं! त्रेचाळीस असताना बत्तीस लिहिलं! कपडे तुमचे नाही चुकले मास्तर, आम्ही चुकलो!"

आणि मास्तर हसले. कालच्यासारखेच, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखे. नर्स धावत आली. मी इतकी वर्षं रंगमंचावर काढली, पण एकाच प्रयोगाला तोच प्रेक्षक सलग दोन दिवस इतका नवा मिळालेला मी बघितला नाही.

"हे बघा," राजेसाहेब घाम पुसत म्हणाले, "आता तिसऱ्यांदा मी सांगणार नाही."

मास्तर उशीला टेकले, डोळे पुसले. "का? पुढच्या महिन्यात मला परत यायचंय ना?"